पंचावन्नीनंतरचे बळ

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येचा एक अध्याय आहे. पहाटे उठणे, दात घासणे, अंजन, अभ्यंग, व्यायाम, स्नान असा निरोगी माणसाचा दिवस त्यात लावून दिला आहे. व्यायामाची महती सांगून झाल्यावर वाग्भट तो कोणी टाळावा हेही सांगतो. त्यात वात-पित्ताचा रोगी आहे, लहान मूल आहे, अजीर्ण झालेला माणूस आहे आणि वृद्धही आहे. ज्या ग्रंथाचे दाखले आज ज्येष्ठांच्या आरोग्यशिबिरांत दिले जातात, त्याच ग्रंथाने म्हाताऱ्या माणसाला व्यायामातून वगळले होते. त्याच्यासाठी अभ्यंग होता. रोज अंगाला तेल लावले की जरा, श्रम आणि वात दूर राहतात, असे वाग्भटाने म्हटले आहे. आज मात्र भल्या पहाटे पुण्याच्या पर्वतीच्या पायऱ्यांवर किंवा दादरच्या शिवाजी पार्कात जावे, तर साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे मोठ्या संख्येने चालताना, हातपाय ताणताना, नमस्कार घालताना दिसतात. या दोन चित्रांच्या मध्ये कधीतरी एक मोठा बदल झाला आहे. त्याचा इतिहास आपण नीट मांडलेला नाही, कारण ‘हे सारे आपल्याकडे पूर्वापार होतेच’ या वाक्यावर आपण थांबतो. माझे म्हणणे असे की, उतारवयातही शरीर कसून कमावता येते हा विचार जुन्या ग्रंथांत अंशतः सापडतो. पण घरातल्या साध्या माणसाने चाळिशी-पन्नाशीनंतर स्वतःसाठी रोज व्यायाम करायचा, ही सवय जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची आहे. ती कचेरीने आणि पेन्शनीने जन्माला घातली, आणि तिला आकार देण्यात आजच्या सातारा जिल्ह्यातल्या औंध नावाच्या एका लहानशा संस्थानाचा वाटा फार मोठा आहे.

यावर पहिला आक्षेप सुश्रुताच्या आधाराने घेता येईल, आणि तो हलका नाही. सुश्रुतसंहितेत म्हटले आहे की, व्यायाम करणाऱ्यावर म्हातारपण एकाएकी चाल करून येत नाही. स्वतःचे हित पाहणाऱ्याने सगळ्या ऋतूंत, रोज, पण आपल्या अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, असेही तिथे सांगितले आहे. कपाळावर, नाकावर आणि सांध्यांत घाम येऊ लागला, तोंडाला कोरड पडली की अर्धी शक्ती खर्च झाली असे समजावे, असा त्या परंपरेचा हिशेब आहे. वय, बळ, शरीर, देश, काळ आणि आहार पाहून व्यायामाचे प्रमाण ठरवावे, हेही त्यात आहे. यातल्या ‘रोज’ आणि ‘बेताने’ या दोन गोष्टी अतिशय मोलाच्या आहेत. पुढच्या सगळ्या कथेत त्या पुन्हा येणार आहेत. पण ग्रंथात लिहिलेले आणि घरात पाळलेले यांत अंतर असते. सुश्रुताचीच दुसरी एक सूचना पाहा. जेवल्यावर थोडे बसावे, शंभर पावले चालावे आणि डाव्या कुशीवर पडावे, असे तो सांगतो. ती सूचना मराठी घरात खरोखर उतरली. शतपावली आणि वामकुक्षी हे शब्द संस्कृत न शिकलेल्या माणसाच्याही तोंडी आहेत. दिवाळीतले अभ्यंगस्नान उतरले, बाळंतिणीचे तेल-शेक उतरले. व्यायामाची सूचना मात्र तशी उतरली नाही. उतारवयातल्या रोजच्या व्यायामासाठी शतपावलीसारखा एकही घरगुती शब्द मराठीत घडला नाही. भाषा हा इतिहासाचा चांगला साक्षीदार असतो. जी गोष्ट लोक रोज करतात तिला ते नाव देतातच.

दुसरा आक्षेप सूर्यनमस्कारांचा. समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीला रोज बाराशे नमस्कार घातले असे परंपरा सांगते, मग सूर्यनमस्कार शंभर वर्षांचा कसा? नमस्कार जुनाच आहे, यात वाद नाही. पण तो कशासाठी घातला जात होता, हे पाहायला हवे. तृचाकल्प नमस्कार हे सूर्याचे अनुष्ठान होते. ऋग्वेदातल्या ज्या तीन ऋचांवर ते उभे आहे, त्यांत हृदयरोग आणि कावीळ दूर व्हावी अशी सूर्याला प्रार्थना आहे. म्हणजे आरोग्याचा हेतू होता, पण फळ देणारा सूर्य होता, स्नायू नव्हे. म्हणूनच यजमानासाठी ब्राह्मणांकडून नमस्कार घालून घेण्याचीही रीत होती. आपल्या बदली दुसऱ्याने घातलेल्या नमस्काराचे पुण्य मिळू शकते; त्याने आपल्या मांडीत बळ मात्र येत नाही. आपण घातला तरच उपयोग, या समजुतीपाशी नमस्काराचे व्रतातून व्यायामात रूपांतर होते, आणि हे रूपांतर मोठ्या प्रमाणावर घडले ते विसाव्या शतकात. समर्थांबद्दलची परंपरा खरी मानली तरी ती एका तपस्व्याच्या साधनेची गोष्ट आहे, आणि तीही ऐन तारुण्यातल्या.

बाकी शरीर कमावण्याची जागा म्हणजे तालीम. तिचा इतिहास दांडगा आहे. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त मल्लांचे वय, आकार आणि ताकद यांवरून प्रकार पाडलेले आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मलखांबाला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्ती मैदान बांधले ते १९१२ मध्ये पुरे झाले. जोर, बैठका, जोडी फिरवणे, हौद्यातली लाल माती हे सारे वैभव खरेच. पण ते तरुण पुरुषाचे वैभव होते. तालमीतला माणूस वयाने उतरला की तो वस्ताद होई, हौद्याच्या कडेला बसून पोरांना डाव दाखवी. त्याच्या स्वतःच्या शरीराचे पुढे काय करायचे, याचे शास्त्र तालमीपाशी नव्हते. खुराक आणि मेहनत या जोडीतली मेहनत सुटली आणि खुराक तेवढा राहिला, तर काय होते हे कुस्तीच्या गावांत सगळ्यांना ठाऊक असते. आणि बायकांना तालमीचा उंबरठाच नव्हता.

मग जुनी माणसे ठणठणीत होती ती कशी? हा तिसरा आक्षेप, आणि लोकांच्या मनात सर्वांत घट्ट बसलेला. पहाटे जात्याचा खुंटा धरून बसलेली, उखळात मुसळाने कांडणारी, रहाटाचे पाणी ओढणारी, उकिडवी बसून सारवणारी बाई. पाटावर मांडी घालून जेवणारा आणि हाताचा टेकू न घेता उठणारा म्हातारा. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट पायी तुडवणारे सत्तरीचे वारकरी. यांना कोणत्या व्यायामाची गरज होती? या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस यांनी दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना करून १९५३ मध्ये जे दाखवले, ते याच बाजूचे आहे. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्यांपेक्षा जिने चढ-उतार करत तिकिटे फाडणाऱ्यांना हृदयविकार कमी होता. ब्राझीलमधल्या क्लाउदिओ आराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एकावन्न ते ऐंशी वर्षांच्या दोन हजारांवर माणसांची एक साधी परीक्षा घेतल्याचे प्रसिद्ध केले. जमिनीवर बसायचे आणि हात-गुडघा शक्य तितका न टेकता उठायचे. ज्यांना हे नीट जमत होते, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतले मृत्यू कितीतरी कमी निघाले. पाटावरून उठणारे आपले आजोबा दिवसातून चार-सहा वेळा हीच परीक्षा देत होते. डायनिंग टेबल, सोफा आणि कमोड यांनी ती घरातून काढून टाकली, आणि आपण काय गमावतो आहोत याची कोणी नोंद घेतली नाही. सांधे दुखणाऱ्याला खुर्ची हवीच. पण धडधाकट चाळिशीत जमिनीशी संबंध तोडण्याचे कारण नव्हते.

तरीही कष्टाला व्यायाम म्हणणे मला पटत नाही. व्यायामाला मात्रा असते, कष्टाला नसते. जात्यावर बसलेल्या बाईला अर्धी शक्ती खर्च झाली की थांबता येत नव्हते. दळण संपेपर्यंत दळावेच लागे, मग ती गरोदर असो, आजारी असो की म्हातारी. घाम आला की थांबा हा सुश्रुताचा नियम तिच्यासाठी नव्हता. त्यातून काही शरीरे टणक झाली आणि काही अकाली झिजली. चाळिशीतच कंबर वाकलेल्या बायका ही जुन्या खेड्यातली रोजची गोष्ट होती. चीनमध्ये बीजिंगच्या वृद्धांच्या पाहणीत तरुणपणी दिवसाचे कित्येक तास उकिडवे बसणाऱ्यांच्या गुडघ्यांची झीज अधिक आढळली, तेव्हा ‘जुने ते सारे हितकर’ असे सरसकट म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हिंदुस्थानातले सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्याही आत होते. त्यात बालमृत्यूंचा, प्लेगचा आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा वाटा मोठा आहे, हे खरे. म्हणून त्या काळी कोणी म्हातारे होतच नसे असे नाही. पण जे म्हातारे झाले ते गळून-निवडून उरलेले होते. त्यांच्या ठणठणीतपणावरून त्यांच्या सवयी सर्वांसाठी चांगल्या होत्या असा निष्कर्ष काढला, की जे त्याच सवयींसह लवकर गेले त्यांना आपण हिशेबातून वगळतो. वारीचेही तेच. ती आरोग्यासाठी कोणी करत नव्हते आणि करत नाही. पाय चालतात ते विठ्ठलासाठी. शरीराला फायदा झाला तर तो वाटेत सापडलेला.

व्यायामाची गरज निर्माण झाली ती कष्ट सुटले तेव्हा, आणि ते सर्वांत आधी सुटले कारकुनाचे. इंग्रजी अमलातली कचेरी, शाळा, कोर्ट यांनी दिवसभर बसून लिहिणारा एक मोठा वर्ग तयार केला. सरकारी नोकराला पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त करण्याच्या नियमाने या वर्गाच्या आयुष्यात एक नवी रेषा ओढली. मराठीने तिला ‘पंचावन्नी’ हे नाव दिले. त्याआधी म्हातारपणाच्या खुणा धार्मिक होत्या. साठीची शांत, सहस्रचंद्रदर्शन. शेतकरी, कारागीर, भिक्षुक यांना निवृत्तीची तारीख नसते. अंग चालेल तोवर काम चालते. पेन्शनर हा पहिला माणूस, ज्याला हाती थोडा पैसा, पुढे रिकामे दिवस आणि तीस वर्षे खुर्चीत घालवलेले शरीर, अशा तीन गोष्टी एकदम मिळाल्या. पुण्यात हे पेन्शनर पहाटे पर्वतीची वाट चालू लागले. नानासाहेब पेशव्यांनी देवदर्शनासाठी वसवलेली, शंभरावर पायऱ्यांची ती टेकडी या माणसांच्या पायांनी हळूहळू व्यायामाची जागा बनली. देवदर्शन सुटले नाही, पण ‘पर्वतीला जाऊन येतो’ या वाक्याचा अर्थ बदलला. महाराष्ट्रातल्या आजच्या ‘मॉर्निंग वॉक’चे मूळ शोधायचे तर मी ते इथे शोधेन.

याच वर्गातून धोंडो केशव कर्वे यांच्यासारखा माणूस येतो. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे कर्वे १९०० मध्ये त्यांचा विधवांसाठीचा आश्रम हिंगण्याला हलल्यावर पुण्याहून चिखल तुडवत सुमारे चार मैलांवरच्या हिंगण्याला पायी जात. ते व्यायाम म्हणून नव्हते. वाहन परवडत नव्हते आणि विधवांना शिकवायचे होते. १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर ते परदेशप्रवासाला निघाले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या शिक्षणासाठी नवी संस्था काढली. आणि १९६२ मध्ये १०४ वर्षांचे होऊन वारले. त्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय चालण्याला देण्याचा मोह होतो, पण एका माणसावरून असे काही सिद्ध होत नाही. कर्व्यांचे उदाहरण मला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे वाटते. पंचावन्नीनंतरचा काळ हा उरलेला काळ नाही, त्यात नवे काम सुरू करता येते, हे मराठी मध्यमवर्ग त्यांच्याकडे पाहून शिकला. शरीर टिकवायचे कशासाठी, या प्रश्नाला उत्तर असले तरच माणूस पहाटे उठतो.

आता औंध. बहात्तर गावांचे, तेही सलग नसलेले हे संस्थान. १९०९ मध्ये भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले तेव्हा ते चाळिशीचे होते. चित्रकार, कीर्तनकार, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला पाठबळ देणारे राजे म्हणून त्यांची ओळख आहे. शरीराच्या बाबतीत त्यांनी सुरुवात केली ती युरोपीय पद्धतीने. युजेन सँडो या जगप्रसिद्ध बलभीमाची साधने आणि पुस्तके मागवून त्यांनी जवळजवळ दहा वर्षे नेमाने तो व्यायाम केला. मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले ते १९०८ च्या सुमारास, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर. हा तपशील मला निर्णायक वाटतो. तालमीची भाषा ‘पोरवयात सुरू कर’ अशी होती. इथे एक माणूस मध्यम वयात, आधीची पद्धत सोडून, नवी पद्धत सुरू करत होता आणि ती आयुष्यभर चालवणार होता. सँडोकडून त्यांनी काय घेतले हेही स्पष्ट दिसते. ठरावीक क्रम, प्रत्येक हालचालीचे चित्र, आकड्यांत मोजता येणारी प्रगती, छापील पुस्तकातून घरबसल्या शिकता येण्याची सोय. परंपरेकडून घेतला नमस्कार, मंत्र आणि पहाटेची वेळ. या दोहोंच्या मिलाफाने दहा अवस्थांचा जो नमस्कार तयार झाला, तो दिसायला प्राचीन आणि घडणीने आधुनिक आहे. असे म्हटल्याने काहींना वाईट वाटते. मला त्यात उणेपणा दिसत नाही. परंपरा अशाच जगतात.

या पद्धतीचे वैशिष्ट्य तिच्या साधेपणात होते. जोडी नको, हौदा नको, जोडीदार नको, वस्तादही नको. सतरंजीएवढी जागा पुरे. वाकणे, पाय मागे नेणे, साष्टांग पडणे, हातांवर छाती उचलणे, उकिडव्या अवस्थेतून उभे राहणे या क्रमात जोर आहे, बैठक आहे, पाठीचा ताण आहे, आणि जमिनीवर जाऊन परत उठणेही आहे. पाटावरून उठणाऱ्या आजोबांचे जे बळ नव्या घरांतून जाणार होते, ते या दहा अवस्थांत नकळत साठवले गेले. संख्या थोडीपासून सुरू करून हळूहळू वाढवायची. एक दिवसही चुकवायचे नाही. सुश्रुताचे ‘रोज’ आणि ‘बेताने’ इथे पहिल्यांदा एखाद्या राज्याचा शिरस्ता झाले. औंधच्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले, आणि ते मुलींनाही होते. सूर्यनमस्कारांवरच्या भवानरावांच्या पुस्तकात स्त्रियांकडे विशेष लक्ष आहे. घरकामातच व्यायाम होतो या समजुतीला त्यांनी मान दिला नाही. पांढरी साखर, सडीक तांदूळ, चहा यांविरुद्धही त्यांनी मोहीम उघडली. १९३६ मध्ये ते लंडनला गेले तेव्हा अडुसष्टीला टेकले होते. ‘न्यूज क्रॉनिकल’च्या पत्रकार लुईस मॉर्गन यांनी त्यांची मुलाखत घेतली आणि पुढे १९३८ मध्ये त्यांच्याच संपादनाखाली ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक लंडनमध्ये निघाले. इंग्लंडमधल्या वाचकांना ओढ होती ती अडुसष्टीतल्या त्या माणसाच्या ताठ पाठीची आणि चपळपणाची. हा व्यायाम तरुणाने पैलवान होण्यासाठी नव्हे, तर कोणीही कोणत्याही वयात धडधाकट राहण्यासाठी करायचा, हे त्या पुस्तकाने परक्या देशातही पोहोचवले. आज रथसप्तमीला मैदानांत शाळकरी मुलांकडून हजारो नमस्कार घालून घेतले जातात तेव्हा त्या पद्धतीचा अर्धाच वारसा आपण चालवतो. मुले चपळ असतातच. खरी गरज त्यांना शिकवणाऱ्या, पन्नाशीला आलेल्या शिक्षकांना असते.

औंधच्या प्रयोगावरचे आक्षेपही नोंदवायला हवेत. पुस्तकातला सगळा मजकूर आज टिकणारा नाही. बीजमंत्रांच्या कंपनांनी अमुक अवयव सुधारतो, नमस्काराने जवळजवळ सगळे रोग जातात, ही विधाने उत्साहाची आहेत, पुराव्याची नाहीत. राजाच्या हुकुमाने लावलेली सवय हुकूम गेल्यावर टिकेल का, हा प्रश्नही रास्त होता. आणि मोठा आक्षेप असा की, हे सगळे पोटभर खाणाऱ्यांचे आहे. माणदेशातल्या आटपाडीकडचा शेतकरी, ज्याच्या शेतावर पाऊस नाही आणि ज्याला दिवसभर ढेकळे फोडायची आहेत, त्याला राजा नमस्कार घालायला सांगतो! हा आक्षेप त्या काळापुरता मला मान्य आहे. कष्टणाऱ्याला आधी अन्न हवे असते. पण गेल्या पन्नास वर्षांत काळच उलटला. जात्याच्या जागी गिरणी आली, रहाटाच्या जागी मोटार, पायवाटेवर दुचाकी. शेतकऱ्याचा मुलगाही आता बसून काम करतो, आणि मधुमेह कचेरीतल्यांपुरता राहिलेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मूठभर कारकुनांचा जो प्रश्न होता तो सगळ्यांचा झाला, आणि मूठभरांनी शोधलेले उत्तरही मग सगळ्यांच्या उपयोगाचे झाले. त्या पिढीने ते एकट्या औंधात शोधले असेही नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. लोणावळ्याचे कैवल्यधाम आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ दोन्ही १९२४ ची. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी आसनांचे परिणाम यंत्रांनी मोजायला घेतले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. श्रद्धेच्या जागी मोजमाप आणण्याचे काम तिथून सुरू झाले.

एक प्रश्न मात्र औंधलाही सुटला नव्हता. ज्याचे गुडघे आधीच गेले आहेत, ज्याला खाली बसताच येत नाही, त्याने काय करायचे? वाग्भटाने वृद्धाला वगळले ते बहुधा अशाच शरीराकडे पाहून. याचे उत्तर पुण्यातच निघाले, पण पुढच्या पिढीत. योगाचार्य बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले. आसन शरीराला जमत नसेल तर शरीराला दोष न देता त्याला आधार द्यायचा, या विचाराने त्यांनी खुर्ची, दोर, लाकडी ठोकळे, पट्टे, लोड अशी साधने आणली. १९५८ मध्ये बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ यांना त्यांनी शीर्षासन शिकवले तेव्हा राजमातांनी ऐंशी ओलांडली होती. त्या शीर्षासनाची बातमी झाली, पण माझ्या मते साध्या लोखंडी खुर्चीचे मोल जास्त आहे. तिने ‘मला आता हे जमायचे नाही’ हे वाक्य खोटे पाडले. वाग्भटाच्या निषेधाला पुराव्याने उत्तर मिळाले ते १९९० मध्ये. अमेरिकेत बोस्टनला मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वृद्धाश्रमातल्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांतले बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. दहा जणांचा प्रयोग लहानच. पण पुढच्या अनेक मोठ्या प्रयोगांनी तीच दिशा दाखवली. आज जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्यात किमान १५० मिनिटे बेताचा व्यायाम, दोन दिवस स्नायूंच्या बळासाठी आणि तीन दिवस तोल सांभाळण्यासाठी व्यायाम करायला सांगते. नुसते चालणे पुरत नाही, ही यातली आपल्याकडे दुर्लक्षित राहिलेली बाजू. पर्वती चढून येणाऱ्या पेन्शनराचे पाय आणि हृदय चांगले राहते, हातांचे आणि पाठीचे बळ मात्र ओसरत जाते. औंधच्या नमस्कारात हात, पाठ, पाय आणि तोल सगळेच होते.

भवानरावांचे संस्थान मार्च १९४८ मध्ये विलीन झाले आणि १९५१ मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी ते वारले. त्यांच्या आश्रयाने औंधात राहिलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर त्यांच्यापेक्षा एका वर्षाने मोठे, १८६७ चा जन्म. मूळचे चित्रकार, पन्नाशीत औंधाला आले, स्वाध्याय मंडळाचे छापखान्यासह बस्तान बसवले, वेदांच्या संहिता छापल्या, सूर्यनमस्कार आणि आसने यांवर सोप्या भाषेत पुस्तके लिहिली आणि स्वतः तो नेम चालवला. संस्थान गेले, औंध सोडावे लागले. तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या सातवळेकरांनी ग्रंथ आणि छापखाना उचलून गुजरातेत पारडीला नेला, तिथे स्वाध्याय मंडळ पुन्हा उभे केले, आणि पुढची वीस वर्षे ते तिथेच वेदांचे काम करत होते.